कारवारच्या बोटीवर राहिलेलं बोलणं

अक्का,

काल तुमचा तेरावा झाला. मी शेवटच्या पंगतीत बसले होते, तुमच्या जावेच्या माहेरच्या बायकांबरोबर. शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही कोण त्यांच्या?" मला चटकन उत्तर सुचलं नाही. विहीण म्हणावं तर आपल्या मुलांचा घटस्फोट होऊन चार वर्षं झाली. मैत्रीण म्हणावं तर तेराव्याच्या पंगतीत तो शब्द कसा वाटेल, कोण जाणे. वाढायला आलेल्या तुमच्या राघूनं ते ऐकलं. "ह्या धारवाडच्या वसुधाकाकू," तो म्हणाला, "आईच्या." आईच्या कोण, ते त्यालाही सांगता आलं नाही. पानात बुंदी वाढून तो पुढं गेला.

घरी आल्यापासून तुमच्याशी बोलतेच आहे. म्हटलं, लिहावं. शाळेत पस्तीस वर्षं मुलींच्या वह्या तपासल्या, पण स्वतःचं असं काही लिहिलं नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "लिहा की बाई, कोण मार्क द्यायला बसलंय?"

आपली ओळख झाली ती मुलांमुळं. माझी केतकी आणि तुमचा राघवेंद्र. आम्ही धारवाडात सप्तापूरचे, पुस्तकांत वाढलेले. तुमचं हुबळीत दुर्गदबैलजवळ कापडाचं दुकान, दीर गल्ल्यावर आणि तुम्ही ब्लाउजपीसच्या काउंटरवर. लग्न ठरलं त्या दिवसापासून तुम्ही मला विहिणीसाठीच्या कानडी शब्दानं हाक मारायला लागलात. "काय बीगती, चहात साखर किती?" मला ते जरा जास्तच मोकळं वाटायचं. माझे यजमान जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं आणि मला कुणाचंच मोठ्यानं बोलणं सोसत नव्हतं.

लग्न दीड वर्ष टिकलं. भांडण नाही, मारहाण नाही, व्यसन नाही. राघू घरात असून नसल्यासारखा. केतकी माझ्याकडं परत आली आणि घटस्फोटाचा निकाल लागेपर्यंत मागच्या खोलीत बसून राहिली. एकदा मी तिच्या केसांना तेल लावत होते, तेव्हा तिनं विचारलं, "आई, माझ्यात काय कमी होतं?" मी म्हटलं, काही नाही. तिनं मान हलवली, पण तिला ते पटलं नाही हे मला दिसलं. मग बंगळूरला नोकरी लागली आणि ती गेली.

ती गेली त्याच्या पुढच्या गुरुवारी तुम्ही फाटकापाशी उभ्या. हातात चिकूंची पिशवी. हुबळीहून बसनं आला होतात. मी दार उघडलं, पण आत या म्हणाले नाही.

"मुलांचं मोडलं," तुम्ही म्हणालात. "आपलं काय मोडलंय?"

तुम्ही चपला काढून आत आलात. चहा झाल्यावर म्हणालात, "आता बीगती नको आणि विहीणबाईपण नको. अक्का म्हणा. निम्मी हुबळी मला अक्काच म्हणते."

तेव्हापासून दर गुरुवार. तुम्ही यायचा, आपण जेवायचो, ऊन उतरलं की केलगेरीच्या तळ्याकाठी फिरायला जायचो. तुम्ही चालता चालता थांबायचा आणि पाण्याकडं बघत म्हणायचा, "उतरू का?" मला वाटायचं, थट्टा करताय. मग एकदा सांगितलंत की तुमचं माहेर कृष्णाकाठचं आणि वडिलांनी पाठीला सुका भोपळा बांधून तुम्हाला पोहायला शिकवलं होतं. सात-आठ वर्षांच्या असताना नदी पार करायचात. लग्न होऊन हुबळीला आलात आणि बेचाळीस वर्षं घोट्याच्या वर पाणी लागलं नाही.

कारवारची कल्पना तुमचीच. दुकानात येणाऱ्या कुणा गिऱ्हाइकानं सांगितलं होतं. बोट दिवसभर फिरवते, दोन-तीन बेटं दाखवते, बेटावरच जेवण, आणि पाण्यात उतरायचं असेल त्यानं उतरायचं. मी म्हटलं, या वयात? तुम्ही म्हणालात, "मग पुढच्या वयात जायचं म्हणता?" गेल्या माघात आपण गेलो. यल्लापूरच्या घाटातून, गाडी करून. मी पिशवीत आल्याच्या वड्या, डोकेदुखीची गोळी, दोन टॉवेल आणि एक छत्री घेतली होती. तुम्ही गडद निळ्या कापडाचा एक सलवार-कुडता नवा शिवून घेतला होता. आयुष्यात पहिल्यांदा. लॉजवर तो घालून आरशासमोर उभ्या राहिलात आणि म्हणालात, "बघा, नर्स दिसते का?"

खरंच दिसत होतात. मी तसं सांगितलं नाही.

बोट सकाळी नऊला निघाली. पंधरा-सोळा माणसं असतील. बेळगावचं एक कुटुंब, बंगळूरच्या ऑफिसातला एक घोळका आणि आपण दोघी साठी ओलांडलेल्या. बोटीचा तांडेल पन्नाशीचा, कोकणी बोलणारा. त्याची बायको मागं स्टोव्हपाशी बसून कांदा चिरत होती. सगळ्यांना नारिंगी लाइफ जॅकेटं घातली. माझ्या जॅकेटचा पट्टा लागेना, तो तुम्ही ओढून लावलात. थोडं आत गेल्यावर डॉल्फिन दिसले. एकानं पाठ वर काढली आणि लगेच आत गेला. "लाजला," तुम्ही म्हणालात, "नव्या नवरीसारखा." मग आपण दोघीही पाण्याकडं बघत राहिलो. असं अधूनमधून व्हायचंच आपलं. साधा शब्द यायचा आणि नेमका तिथंच जाऊन लागायचा.

पहिल्या बेटावर नरसिंहाचं देऊळ होतं. पायऱ्या चढताना तुम्ही तीन वेळा थांबलात. मी विचारलं, धाप लागतेय का? "समुद्र बघतेय," म्हणालात. आता वाटतं, तेव्हा नीट विचारायला हवं होतं. दुसरं बेट दीपगृहाचं, ते बोटीतूनच बघितलं. तिसरं अगदी छोटं. अर्धचंद्रासारखी वाळू, मागं झाडी. तिथंच जेवण. तुमच्या पानात तळलेला बांगडा आणि भात, माझ्यासाठी वरण. मी शाकाहारी म्हणून उपाशी राहीन या भीतीनं तुम्ही हुबळीहून कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी बांधून आणली होती. ती बेळगावच्या कुटुंबानंच संपवली. तांडेलाच्या बायकोलाही दिलीत आणि तिच्याकडून आमटीत काय घातलं ते अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलून काढून घेतलंत. कोकणी तुम्हाला येत नव्हतं. दोघींचं काही अडलं नाही.

जेवण पचल्यावर पोहणं. तुम्ही सरळ चालत गेलात. कमरेएवढं पाणी झाल्यावर एकदा मागं वळून बघितलंत आणि पुढं झोकून दिलंत. मी वाळूत उभी होते. तुमचा हात बाहेर येत होता, आत जात होता. ऑफिसातली मुलं बघत राहिली. बऱ्याच अंतरावर जाऊन तुम्ही वळलात, परत आलात, तोंडावरचं पाणी पुसलंत. तुमचे डोळे लाल झाले होते. मिठानं असेल.

"नदीपेक्षा सोपं आहे," तुम्ही म्हणालात. "हे पाणी स्वतःच उचलून धरतंय. या."

मी नको म्हटलं. तुम्ही हात धरून नेलंत. छातीएवढ्या पाण्यात गेल्यावर माझ्या पाठीखाली दोन्ही तळवे लावलेत.

"मान मागं टाक."

"मी बुडेन."

"बुडत नाहीस. जॅकेट आहे, मी आहे. कान पाण्यात जाऊ दे."

चार वर्षांत पहिल्यांदा तुम्ही मला अगंतुगं केलंत. मी कान पाण्यात जाऊ दिले. सगळं बोलणं बंद झालं. वर नुसतं आभाळ. मग तुम्ही वाकून, मला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणालात, "आता हात काढतेय हं." आणि काढलेत. न सांगता काढले नाहीत. मी तरंगत राहिले. माझ्या यजमानांच्या जाण्यानंतर मला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं, हे मी तुम्हाला सांगणार होते. जरा वेळानं, बोटीत बसल्यावर सांगू, असं ठरवलं होतं.

बोटीत बसलो. टॉवेल पांघरून, ओले केस मोकळे सोडून. बाकीचे अजून पाण्यातच होते. तुम्ही म्हणालात, "वसुधाबाई, एक सांगायचंय. चार वर्षं सांगायचंय."

मी म्हटलं, सांगा.

"राघूनं लग्नाआधी मला सांगितलं होतं. तारिहाळला त्याच्या कंपनीत एक मुलगी होती, ऑफिसात. दुसऱ्या जातीची. म्हणाला, आई, मला हे लग्न नको. मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी तो हो म्हणाला."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. कानात पाणी होतं.

"म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं."

"हो."

"माझी केतकी मला विचारायची, माझ्यात काय कमी होतं. ते मी तुम्हाला सांगितलं होतं."

"हो."

"आणि तुम्ही माझ्यासमोर बसून चहा पीत होता."

"हो," तुम्ही तिसऱ्यांदा म्हणालात. खाली बघितलं नाहीत, रडला नाहीत.

"मग आजच का सांगताय?"

"आज तू माझ्या भरवशावर पाण्यात पाठ टाकलीस. मला ते सोसलं नाही."

त्यावर मी जे बोलले ते मला शब्द न शब्द आठवतं. तुम्हालाही आठवत असणार. मी म्हटलं, "तुमच्या घरात मुलगी दिली ही माझी चूक नव्हती, मला काय माहीत होतं? तुमच्याशी मैत्री केली, ती चूक." शांतपणे म्हटलं. वर्गात एखाद्या मुलीला बाहेर उभं करताना म्हणायचे तसं.

तुम्ही टॉवेल घडी करून बाजूला ठेवलात.

परतताना वारा उठला आणि बोट हलायला लागली. मला मळमळायला लागलं. कडेला वाकून मी ओकले, एकदा, दोनदा, किती वेळा ते आठवत नाही. माझ्या पाठीवर एक हात होता, दुसरा कपाळावर. मला माहीत होतं कुणाचा. ढकलून द्यावा असं वाटलं, आणि दिला नाही. धक्क्याला लागेपर्यंत तुम्ही मला तशाच धरून होता आणि आपण एक अक्षर बोललो नाही. गाडीत तुम्ही पुढं बसलात, मी मागं. धारवाडात मला सोडताना तुम्ही माझी छत्री खिडकीतून हातात दिलीत.

तीन गुरुवार तुम्ही आला नाहीत. पहिल्या गुरुवारी मला बरं वाटलं. दुसऱ्या गुरुवारी मी फक्त एकटीपुरता भात लावला आणि तो पातेल्यात फार थोडा दिसला. तिसऱ्या गुरुवारी मी फाटकापर्यंत जाऊन आले. राग गेला नव्हता. तो होताच. पण त्या रागाबद्दल जिच्याशी बोलावं, अशीही तुमच्याखेरीज कुणी नव्हती.

चौथ्या गुरुवारी तुम्ही आलात. फाटकाबाहेरूनच म्हणालात, "आत बोलवू नका. एवढंच सांगायला आलेय. केतकीला हे कळायला पाहिजे. तुम्ही सांगा तिला."

"मी का? तुम्ही सांगा. तुमच्या तोंडून."

"माझं ऐकून ती रडली, तर तिकडं एकटी रडेल. तुम्ही सांगितलंत तर जवळ तुम्ही असाल."

"तुम्हाला तिच्या रडण्याची काळजी आहे की स्वतःची?"

तुम्ही जरा विचार केलात. "दोन्ही," म्हणालात.

त्या एका शब्दावर मी फाटक उघडलं. खोटं बोलायची सोपी संधी होती, ती तुम्ही घेतली नाहीत. पण आत आल्यावरही वाद मिटला नाही. चैत्र गेला, वैशाख गेला. गुरुवार पुन्हा सुरू झाले, भाकरी जाड की पातळ यावर पुन्हा वाद व्हायला लागले, आणि मधूनच तुम्ही विचारायचा, "सांगितलंत?" मी म्हणायचे, "तुम्ही?" राघूचं पुढं काय झालं तेही एकदा सांगितलंत. ती मुलगी तोवर लग्न करून गदगला गेली होती. तुमच्या दोन दिवसांच्या उपासानं तीन आयुष्यं वाकडी झाली, असं तुम्ही स्वतःच म्हणालात. मी नाही म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं का, अक्का? राघूही मोठा माणूस होता. त्यालाही तोंड होतं. हे मला तेव्हा दिसत होतं, पण तुमचं ओझं हलकं करायची माझी तयारी नव्हती.

शेवटच्या गुरुवारी निघताना तुम्ही चपलेत पाय घालत म्हणालात, "गणपतीला केतकी येईल ना? तिला समोर बसवूनच सांगते. फोनवर नको."

"नक्की?"

"नक्की."

सोमवारी दुपारी काउंटरवर एका बाईला अस्तराचं कापड मापून देताना तुमच्या हातातून कात्री पडली. राघूचा फोन आला तेव्हा मला त्याचा आवाज ओळखू आला नाही. दवाखान्यात तुम्ही दोन दिवस होता. मला आत सोडलं. तुमच्या पायांना हात लावून मी उभी राहिले. म्हणतात, कान शेवटपर्यंत ऐकतात. बोटीवरचं ते वाक्य तेव्हा परत घ्यायला हवं होतं. पण शेजारी राघू उभा होता. त्याच्यासमोर ते परत घ्यायचं तर आधी ते काय होतं हे सांगावं लागलं असतं. मी नुसतंच म्हटलं, "अक्का, मी वसुधा." बाकीचं तिथंच राहिलं.

तुम्ही गेलात त्या दिवशी केतकीला येता आलं नाही. फोनवर ती फार कमी बोलली. मला वाटलं, तिला काय, तिचं नातं केव्हाच संपलंय. आज सकाळी मी तिला पुन्हा फोन लावला. ठरवूनच लावला. म्हटलं, अक्का सांगणार होत्या ते आता मलाच सांगावं लागणार. उपासाचं सांगितलं, तारिहाळच्या मुलीचं सांगितलं, बोटीवरचं सांगितलं. मी काय बोलले तेही सांगितलं. कुठंही न थांबता सांगितलं, थांबले असते तर पुढं बोलवलं नसतं.

केतकीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आई," ती म्हणाली, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"सगळं. निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर राघवेंद्रनं मला सांगितलं. माफी मागितली. म्हणाला, तुझ्यात काहीच कमी नव्हतं. त्यानंतरच तर मी बंगळूरला जाऊ शकले."

"मग मला का नाही सांगितलंस? चार वर्षं?"

"सांगितलं असतं तर काकूंना घरात घेतलं असतंस तू?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाबा गेल्यापासून तू फक्त गुरुवारी हसतेस, आई. फोनवर आवाजावरून कळतं मला. ते मी कशाला मोडू?" मग म्हणाली, "काकू कधीतरी स्वतः सांगतील म्हणून वाट बघत होते. सांगितलं असतं तर त्यांना म्हणणार होते की काकू, ते दोन दिवस तुम्ही जेवला नाहीत, तेव्हा राघवेंद्रपण बाहेर जेवून आलोय असं खोटं सांगून उपाशीच झोपत होता. हे त्यानंच मला सांगितलं, त्यांना माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं, एकट्या त्याच उपाशी होत्या."

एवढं बोलून ती रडली. मी इकडं, ती तिकडं. तुम्हाला ज्याची भीती होती तसंच, अक्का, एकटीच. पण फोन तिनं ठेवला नाही.

तुम्ही तिला दुखवू नये म्हणून गप्प राहिलात. ती मला दुखवू नये म्हणून गप्प राहिली. मी तुम्हाला शिक्षा म्हणून गप्प राहिले, हे मात्र मला वेगळं मांडता येत नाही. एक दिवस आधी बोललो असतो तर तुम्ही ते काउंटरवर बसून ऐकलं असतंत, कात्री हातात धरून, आणि म्हणाला असतात, "बघा, पोरगी आपल्यापेक्षा शहाणी निघाली." मला तुमचा आवाज ऐकू येतो ते म्हणताना. तो खराच येतो की मी लावते, ते मला ठरवता येत नाही आणि ठरवायचंही नाही.

केतकी शनिवारी येतेय. हुबळी स्टेशनवरूनच सरळ तुमच्या घरी जाऊ म्हणाली, राघूला भेटायचंय. तो उपाशी झोपला होता हे तुम्हाला सांगायचं तिच्याकडून राहून गेलं, हे त्याला सांगायचंय तिला. मी बरोबर येणार आहे. बोटीवर तुम्हाला काय बोलले ते मी तुमच्या मुलासमोर सांगेन, आणि त्याच्यासमोरच परत घेईन. तुमच्या घरात बसून, अक्का, मोठ्यानं.